आवक क्रमांक नसलेल्या भेटी

वडील तहसील कचेरीत निवेदन द्यायला जायचे ते नेहमी दोन प्रती घेऊन. एक द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. आवक-जावकच्या टेबलावरचा कारकून जाड वहीत तारीख, नाव आणि विषय लिहायचा, आवक क्रमांक टाकायचा आणि गोल शिक्का दोन्ही प्रतींवर आदळायचा. पाटाचं आवर्तन वेळेवर सोडा, एवढीच त्या कागदात मागणी असायची. पाणी कधी यायचं, कधी यायचं नाही. पोच मात्र घरी ट्रंकेत जपून ठेवलेली असायची. ‘आपण मागितलं होतं याचा कागद आपल्याकडं पाहिजे,’ असं ते म्हणत.

आज ज्याला लॉबिंग म्हणतात तेच वडील करत होते. सरकारने अमुक निर्णय घ्यावा म्हणून सरकारी माणसाला गाठायचं, आपली बाजू मांडायची, पाठपुरावा करायचा. लोकशाहीत हा प्रत्येकाचा हक्कच आहे. कांद्याची निर्यातबंदी उठवा म्हणून नाशिकचे शेतकरी मंत्र्यांना भेटतात, साखरेचा किमान विक्री दर वाढवा म्हणून कारखानदार दिल्ली गाठतात, मानधन वाढवा म्हणून अंगणवाडी सेविका आझाद मैदानात बसतात. मागण्याला माझा आक्षेप नाही. काहींच्या मागण्याची नोंद होते आणि काहींच्या मागण्याची मुळीच होत नाही, हा माझा आक्षेप आहे. आपल्याकडे पैसे देऊन सरकारदरबारी काम करवून घेण्याचे घोटाळे उघडकीला आले तेव्हा आपण पैसे घेणाऱ्याला, जमलं तर, पदावरून उतरवलं. पैसा ज्या वाटेने आला ती वाट मात्र प्रत्येक वेळी तशीच उघडी राहिली.

१२ डिसेंबर २००५ ला ‘आज तक’ वाहिनीवर ‘ऑपरेशन दुर्योधन’ दाखवलं गेलं. शोधपत्रकारिता करणाऱ्या ‘कोब्रापोस्ट’ संकेतस्थळाचे अनिरुद्ध बहल आणि सुहासिनी राज यांनी लघुउद्योजकांची एक संघटना कागदावर उभी केली होती. प्रत्यक्षात तिचं अस्तित्वच नव्हतं. तिच्या वतीने संसदेत प्रश्न विचारण्यासाठी ११ खासदारांनी पैसे घेतले आणि ते छुप्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. सगळ्यात कमी रक्कम १५ हजार रुपये, सगळ्यात मोठी १ लाख १० हजार. या ११ जणांमध्ये भाजपचे ६, बसपचे ३, राजदचा १ आणि काँग्रेसचा १ होता. त्यातले दोघे महाराष्ट्राचे आणि दोघेही एकाच जिल्ह्याचे: जळगावचे वाय. जी. महाजन आणि एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील. पाटील तर केंद्रात राज्यमंत्री राहिलेले.

प्रश्न कसले होते, ते पाहण्यासारखं आहे. जर्मनीकडून ‘योसारियन’ नावाचं डिझेल इंजिन घेण्याची मागणी रेल्वेने नोंदवली आहे का, असा एक होता. असं इंजिन जगात कुठेही नव्हतं. ते नाव एका गाजलेल्या अमेरिकन कादंबरीतल्या पात्राचं. खासदाराच्या सहीने असा मजकूर संसदेच्या सचिवालयात जातो, म्हणजे सही करणाऱ्याने तो वाचलेला नाही किंवा वाचूनही त्याला त्याचं काही वाटलेलं नाही. ज्या सहीसाठी मतदारसंघातला माणूस एका पत्राकरिता चार-चार खेटे घालतो, ती सही १५ हजारांत न वाचता मिळत होती.

लोकसभेने पवनकुमार बन्सल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. समितीत विजयकुमार मल्होत्रा यांनी वेगळं मत नोंदवलं, भाजपने सभात्याग केला, पण २३ डिसेंबरला लोकसभेतून १० आणि राज्यसभेतून १ सदस्य बडतर्फ झाले. प्रक्षेपणानंतर अकराव्या दिवशी अकरा जण घरी. पुढे १० जानेवारी २००७ ला सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फ खासदारांपैकी राजा राम पाल यांच्या खटल्यात संसदेचा हा अधिकार चार विरुद्ध एक अशा बहुमताने मान्य केला. मला त्या वेळी या तडफेचा अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. गिऱ्हाईक खोटं होतं, दुकान खरं होतं. पत्रकार पैसे घेऊन पोचले तेव्हा खासदारांपर्यंत नेणारे मध्यस्थ आधीपासून हजर होते. कुणाला गाठायचं, प्रश्नाचा मसुदा कुठे द्यायचा, हे त्यांना ठाऊक होतं. असा सराव एका खोट्या संघटनेमुळे होत नाही. मग आधीची गिऱ्हाइकं कोण? कोणत्या कंपन्यांनी, कोणत्या संघटनांनी त्या वाटेने किती प्रश्न घातले? ११ जण गेले आणि तो विषयच मागे पडला.

प्रश्नाला एवढी किंमत का येते, हे बाहेरच्या माणसाला पटकन उमगत नाही. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न लागतात. त्यांची यादी हिरव्या कागदावर छापली जाते, उत्तर मंत्र्याला उभं राहून द्यावं लागतं. अतारांकित प्रश्न पांढऱ्या कागदावर, त्यांना लेखी उत्तर. प्रश्न दाखल झाला की खात्यात फाईल उघडते. अवर सचिवापासून वर सगळे उत्तराच्या मागे लागतात. अमुक परवान्याचा अर्ज कुठे अडलाय, तमुक मालावरचं आयातशुल्क बदलण्याचा विचार आहे का, हे सरकारला लेखी सांगावं लागतं. ज्याचा माल गोदीत पडलाय त्याला या एका वाक्याची किंमत लाखांत असते. प्रतिस्पर्ध्याच्या प्रकल्पावर प्रश्न टाकला, तर उत्तर काहीही येवो, फाईल हाताळणारा अधिकारी सावध होतो आणि सही लांबते. प्रश्न हे जनतेच्या हातातलं हत्यार. ते भाड्याने द्यायला काढलं की मतदारसंघातल्या माणसाचा प्रश्न तेवढा मागे सरकतो, कारण जागा २०च असतात.

हा आजार २००५ मधला नाही. राज्यघटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं, तेव्हाच मुंबईचे एच. जी. मुद्गल यांचं प्रकरण हंगामी संसदेपुढे आलं. पैसे देणारी संस्था बॉम्बे बुलियन असोसिएशन, म्हणजे मुंबईतल्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची संघटना. सोन्याची आयात, मुद्रांक शुल्क, वायद्यांवर येऊ घातलेला कायदा, या प्रत्येक गोष्टीवर सराफ्यातला भाव वरखाली व्हायचा. ८ जून १९५१ ला खुद्द पंतप्रधान नेहरूंनी चौकशी समितीचा प्रस्ताव मांडला. मुद्गल त्यांच्याच पक्षाचे होते. टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीला दिसलं ते असं: संघटनेकडून आर्थिक मदत मागायची आणि मोबदल्यात संसदेत प्रश्न विचारायचे, वायदे नियमन विधेयकाला दुरुस्त्या सुचवायच्या, मंत्र्यांच्या भेटी घडवून आणायच्या. २४ सप्टेंबरला मुद्गल यांनी सभागृहात निवेदन केलं आणि राजीनामा दिला. सभागृह तेवढ्यावर थांबलं नाही. हा सदस्य हकालपट्टीलाच पात्र होता, आणि राजीनाम्यातली भाषा हा सभागृहाचा आणखी एक अवमान आहे, असा ठराव दुसऱ्या दिवशी झाला.

त्या समितीने नोंदवलेली यादी पुन्हा वाचा. प्रश्न, दुरुस्ती, भेट. आजही लॉबिंगचं सगळं काम या तीन दारांनीच चालतं. पहिली दोन दारं निदान छापील कागदावर दिसतात. प्रश्न कुणी विचारला, दुरुस्ती कुणी मांडली, हे शोधून काढता येतं. तिसऱ्या दाराची नोंद कुठेच नाही. भेट झाली, चहा झाला, शब्द टाकला, निघाले. मंत्रालयात जाणाऱ्या सामान्य माणसाला पास काढावा लागतो. फोटो, ओळखपत्र, कोणत्या मजल्यावर काम, सगळं द्यावं लागतं. पण मंत्र्याच्या बंगल्यावर रात्री जेवायला आलेल्या माणसाचं नाव जनतेला कुठल्या वहीत सापडणार?

नोंद असली की काय होतं, हे महाराष्ट्राने एकदा पाहिलेलं आहे. १९८०-८१ मध्ये सिमेंटची टंचाई होती आणि वाटप सरकारच्या हातात होतं. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी स्थापन केलेल्या ट्रस्टांना बिल्डर देणग्या देत होते आणि बिल्डरांना सिमेंट मिळत होतं. ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अरुण शौरींनी ऑगस्ट १९८१ च्या शेवटी हे मांडलं. पी. बी. सामंत आणि इतर उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्यापुढे मुद्दा साधा होता: देणग्या आणि वाटप यांचा संबंध लागतो का? देणगीची नोंद एका वहीत, सिमेंटच्या वाटपाची दुसऱ्या. दोन्ही शेजारी ठेवल्यावर तो संबंध दिसला. १२ जानेवारी १९८२ ला निकाल लागला आणि राज्याच्या मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. पुढे फौजदारी खटला वर्षानुवर्षं फिरत राहिला, अंतुले यांना शिक्षा झाली नाही, ते नंतर केंद्रात मंत्रीही झाले. हे सगळं धरूनही मी म्हणेन की त्या दिवशी न्यायालयाचा निकाल देणगीच्या पावत्या आणि वाटपाच्या तारखा यांच्या बळावर उभा राहिला. त्या दोन नोंदी नसत्या तर विरोधकांनी बोंब मारली आणि विरून गेली, एवढंच उरलं असतं.

आता २००५ च्या त्याच पंधरवड्यात अमेरिकेत काय चाललं होतं ते पाहू. आपल्या ११ खासदारांची हकालपट्टी झाल्यावर ११ दिवसांनी, ३ जानेवारी २००६ ला, वॉशिंग्टनच्या न्यायालयात जॅक अब्रामॉफ या बड्या लॉबिस्टने गुन्हा कबूल केला. कॅसिनो चालवणाऱ्या मूळ अमेरिकी जमातींकडून त्याने आणि त्याच्या भागीदाराने कोट्यवधी डॉलर उकळले होते. टेक्सासमधल्या टिग्वा जमातीची गोष्ट ऐकून तर पोटात गोळा येतो. त्यांचा कॅसिनो बंद पाडण्याच्या मोहिमेत अब्रामॉफ आतून सामील होता. तो बंद पडल्यावर हाच माणूस त्यांच्या दारात गेला आणि कॅसिनो पुन्हा सुरू करून देतो म्हणाला. जमातीने त्याच्या भागीदाराला ४२ लाख डॉलर दिले. ओहायोचे, अमेरिकी प्रतिनिधिगृहाचे सदस्य बॉब नेय तुरुंगात गेले, गृहखात्याचे माजी उपमंत्री स्टीव्हन ग्राइल्स तुरुंगात गेले, प्रतिनिधिगृहातल्या बहुमताच्या पक्षाचे नेते टॉम डिले यांनी आधी नेतेपद आणि मग सदस्यत्व सोडलं.

तिथे गृहखातं म्हणजे जमीन, खाणी आणि मूळ जमाती यांचा कारभार पाहणारं खातं, आपल्यासारखं पोलिसांचं नव्हे. असो. महत्त्वाचं पुढचं आहे. लॉबिस्टने नाव नोंदवावं, अशिलाचं नाव आणि मिळालेला पैसा जाहीर करावा, हा कायदा तिथे १९९५ पासून होता. या घोटाळ्यानंतर सप्टेंबर २००७ मध्ये तो कडक केला. सहामाही हिशेब तिमाही झाला, लॉबिस्टकडून भेटवस्तू आणि सहली घ्यायला बंदी आली, पद सोडल्यावर सिनेटरने दोन वर्षं लॉबिंग करायचं नाही असं ठरलं. पैशाचं राजकारण त्याने संपलेलं नाही, आणि कायद्याची अंमलबजावणी ढिलीच राहिली. तरी २०२० मध्ये त्या दुरुस्त कायद्याखाली ज्या पहिल्या माणसावर आरोप ठेवला गेला तो खुद्द अब्रामॉफ होता. पुन्हा तेच धंदे करताना त्याने नाव नोंदवलं नव्हतं.

एकाच पंधरवड्यातले दोन घोटाळे. त्यांनी माणसं तुरुंगात घातली आणि कायदाही बदलला. आपण माणसं काढली आणि कायदा केलाच नाही.

याचा परिणाम आपल्याला २०१२ मध्ये भोगावा लागला. किरकोळ व्यापारात परकीय गुंतवणुकीला परवानगी देण्यावरून संसदेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मतदान झालं, आणि लगेच बातमी आली की वॉलमार्टने २००८ पासून अमेरिकेत लॉबिंगवर सुमारे १२५ कोटी रुपये खर्च केले आणि त्या विषयांमध्ये भारताच्या बाजारात प्रवेश हाही एक होता. इतर विषयही त्यात होते, त्यामुळे सगळा पैसा भारतासाठी होता असं म्हणता येणार नाही. पण ही माहिती आपल्याला कुठून मिळाली? अमेरिकेच्या सिनेटकडे कंपनीने कायद्याप्रमाणे भरलेल्या कागदांतून. आपल्या कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाच्या भवितव्यावर कोण कुणाशी बोलतंय, हे आपल्याला परक्या देशाच्या दप्तरातून कळलं. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुद्गल यांची समिती नेमली. तिला इथे काय घडलं याचा ठोस छडा लावता आला नाही. लागणार कसा? इथे वहीच नव्हती.

त्याच्या दोन वर्षं आधी नीरा राडिया यांच्या फोन संभाषणांनी देश हादरला होता. प्राप्तिकर खात्याने ती २००८-०९ मध्ये टेप केली होती. बड्या उद्योगसमूहांसाठी जनसंपर्काचं काम करणारी एक व्यक्ती मंत्रिमंडळात कुणाला कोणतं खातं मिळावं यावर राजकारण्यांशी आणि पत्रकारांशी बोलत होती. टू-जी मोबाइल परवान्यांच्या वाटपावरून दूरसंचारमंत्री ए. राजा यांनी १४ नोव्हेंबर २०१० ला राजीनामा दिला, त्यातले १२२ परवाने सर्वोच्च न्यायालयाने २ फेब्रुवारी २०१२ ला रद्द केले, आणि २१ डिसेंबर २०१७ ला विशेष न्यायालयाने टू-जी खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. टेपमध्ये गुन्हा आढळला नाही, असं सीबीआयने २०२२ मध्ये न्यायालयाला सांगितलं. अनेकांना हा शेवट म्हणजे सगळं प्रकरणच फुसकं होतं याचा पुरावा वाटतो. मला त्यातून उलट अर्थ दिसतो. खातेवाटपावर पैसे घेऊन शब्द टाकणं उजेडात करायला लावणारा कायदाच नसेल, तर तसं करण्यात गुन्हा सापडणार कुठून?

प्रयत्न अगदीच झाले नाहीत असं नाही. राज्यसभेची नीतिमत्ता समिती १९९७ मध्ये आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली सुरू झाली, आणि पुढे राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आली. कोणत्या कंपनीचं संचालकपद, कुठे पगारी सल्लागार, हे तिथे सांगावं लागतं. २०१३ मध्ये ओडिशाचे खासदार कालिकेश सिंह देव यांनी लॉबिंग जाहीर करण्याचं खासगी विधेयक मांडलं, ते तसंच विरलं. ४ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या सात सदस्यांच्या पीठाने एक मोठी चूक दुरुस्त केली. लाच घेऊन सभागृहात मत दिलं तर खासदाराला संरक्षण, असा १९९८ चा निकाल होता, तो मोडीत काढला. पण हे सगळं घेणाऱ्यापुरतं. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या आरोपावरून तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोईत्रा यांना ८ डिसेंबर २०२३ ला लोकसभेतून काढलं तेव्हाही तेच झालं. तो आरोप त्यांनी नाकारला, मतदारांनी २०२४ मध्ये त्यांना पुन्हा निवडून दिलं, आणि त्या वादात खरं-खोटं काय ते ज्याने त्याने आपल्या पक्षाप्रमाणे ठरवलं. उद्योगपतींनी खासदारांशी कसा व्यवहार ठेवावा, याचा एकही नियम त्यातून तयार झाला नाही.

माझी मागणी छोटी आहे आणि ती राज्यापुरतीही चालेल. मंत्री, राज्यमंत्री, सचिव आणि त्यांचे खासगी सचिव यांना सरकारी निर्णयासंबंधी भेटणाऱ्या प्रत्येकाचं नाव, तो कुणाच्या वतीने आला आणि विषय काय, हे पंधरा दिवसांच्या आत संकेतस्थळावर टाकायचं. भेट मंत्रालयात झाली, बंगल्यावर झाली की कुणाच्या फार्महाउसवर, याने फरक पडता कामा नये. पैसे घेऊन दुसऱ्याचं काम करून देणाऱ्याने नाव नोंदवायचं. आमदारांनी आपले हितसंबंध जाहीर करायचे आणि ज्या विषयात ते गुंतलेत त्यावर प्रश्न विचारताना तसं सांगायचं. केंद्राची वाट पाहायचं कारण नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्राने केंद्राच्या आधी केला होता. फाईल किती दिवसांत पुढे सरकली पाहिजे याचाही कायदा आपल्याकडे २००५ चा आहे. फाईल कोणत्या भेटीनंतर सरकली, तेवढं लिहायचं राहिलंय.

यावर मला भेटलेले सरकारी अधिकारी दोन गोष्टी सांगतात. एक, याने दलालीला राजमान्यता मिळेल. मिळू दे. दलाल आज आहेतच, ‘लायझनिंग’ अशा गोंडस नावाने व्हिजिटिंग कार्ड घेऊन फिरताहेत. नाव, अशील आणि फी कागदावर आली तर निदान आपल्याला त्यांच्याशी भांडता येईल. दुसरी हरकत जास्त खरी आहे. लोक नोंद चुकवतील, भेटीऐवजी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलतील. चुकवतीलच. पण आज नोंद न करता भेटणं हा नियमभंगच नाही, म्हणून टेप सापडली, फोटो सापडला तरी काही बिघडत नाही. वही असली की वहीबाहेरची भेट हाच पुरावा होतो. लाच सिद्ध करायला नोटांची गड्डी सापडावी लागते. चुकवलेली नोंद सिद्ध करायला दोन तारखा पुरतात.

एक भीती मलाही आहे. नोंदीची सक्ती आली तर ती पहिल्यांदा गरिबावर लादली जाईल. गावच्या सरपंचाला पाच रकाने भरायला लावतील आणि बिल्डरला मागच्या दाराने आत घेतील. म्हणून ही जबाबदारी भेटायला येणाऱ्यावर नको, भेट देणाऱ्यावर हवी. नोंद करायची राहून गेली तर उत्तर मंत्र्याने द्यायचं.

डिसेंबरात नागपूरला अधिवेशनाच्या वेळी गेलात तर हे डोळ्यांनी दिसेल. मोर्चा यशवंत स्टेडियमवरून निघतो, पोलीस तो अडवतात. बाया रस्त्यावर बसकण मारतात, सोबत आणलेली भाकरी सोडतात. मग अधिकारी येऊन सांगतो, शिष्टमंडळात पाच जण या. एक हवालदार वहीत त्या पाचांची नावं, गाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतो. त्यांना गाडीत घालून विधान भवनात नेतात, मंत्री निवेदन हातात घेतात, फोटो निघतो, आणि म्हाताऱ्यांपैकी कुणीतरी हमखास विचारतं, ‘साहेब, पोच मिळंल का?’